दोघांत दोन कॅप्सूल

माझ्या कामाला मराठीत धड नाव नव्हतं. दवाखान्याच्या ओळखपत्रावर ‘रिसर्च नर्स’ असं छापलेलं होतं, पण वर्ध्याहून सुटणाऱ्या कुठल्याही एसटीत शेजारच्या बाईला ते सांगून बघा. “म्हंजे तुमी सुई लावता का नाई लावत?” एवढाच तिचा प्रश्न असायचा. सासूबाईंनी त्यांच्यापुरता तोडगा काढला होता. “आमची सून दवाखान्यात लोकायले सवाल विचारते,” असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि निवृत्त होईपर्यंत मला याहून नेमकं काही सुचलं नाही. जेवण जातं का, पोट बिघडलं का, तोंड आलं का, हातापायांना मुंग्या येतात का, तेच ते प्रश्न, त्याच त्या माणसांना. लोक वैतागायचे. एक आजी तर मला लांबून बघूनच ओरडायची, “झाली वो बाई सकाळी, साफ झाली!” सगळी ओपीडी हसायची.

आमचा विभाग फुप्फुसाच्या कॅन्सरचा. या कॅन्सरची एक जात अशी आहे की पहिल्या औषधाने तो भराभर विरघळतो. छातीच्या फोटोत मुठीएवढी दिसणारी सावली काही महिन्यांत नाहीशी होते. घरचे पेढे वाटतात, कोणी नवस फेडायला जातं, पेशंट पुन्हा वावरात जाऊ लागतो. आणि मग बऱ्याच जणांचा तो उलटतो, ताप उलटतो तसा. एकदा उलटला की पहिल्या औषधाला तो फारसा जुमानत नाही. मी सांगते तो काळ नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाचा. उलटलेल्या कॅन्सरसाठी तेव्हा डॉक्टरांच्या हाती फार थोडं होतं. एखादं इंजेक्शन थोडे दिवस काम करायचं, एखादं तेही नाही.

म्हणून जगभर लोक दोन-दोन औषधं जोडीने देऊन बघत होते. आमच्याकडे जी ट्रायल आली तिच्यात एक जुनं इंजेक्शन होतं आणि एक नवी कॅप्सूल. ट्रायल म्हटलं की लोकांना वाटतं, औषधाने माणूस बरा होतो की नाही हे बघत असतील. अगदी सुरुवातीच्या ट्रायलमध्ये तो प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, अंगाला किती सोसतं. पहिल्या काही जणांना कमी मात्रा द्यायची. त्यांनी सोसली तर पुढच्यांना थोडी वाढवून. नाही सोसली तर तिथेच हात आखडायचा. म्हणजे आधीच्या माणसाच्या अंगावरून पुढच्याचा डोस ठरायचा. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, बाकीचं शास्त्र विसरलात तरी चालेल.

त्याआधी पेशंटला सगळं समजावून सही घ्यायची, हे माझं खास काम. कागद परदेशात लिहिलेले, मराठी त्याचं कुठेतरी लांब बसून कोणीतरी केलेलं. ते मराठी वाचून मलाच कापरं भरायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी, दुसरं काय. मी कागद मांडीवर ठेवायची आणि तोंडाने सांगायची. तरीही गमती व्हायच्या. एका पेशंटच्या भावाने मला व्हरांड्यात गाठून हात जोडले, “दादाले कॅन्सर हाये असं सांगू नका जी, खोकला हाये म्हना.” मी म्हटलं, “खोकल्यासाठी एवढ्या कागदांवर कोण सही करतं हो?” मग मी आत गेले, तर दादाने मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, “सिस्टर, मले कॅन्सर हाये हे माह्या भावाले सांगू नका. तो लय भित्रा हाये.” दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा आधी दोघे रडले आणि मग एकमेकांवर रागावले.

आता प्रल्हादभाऊंबद्दल सांगते. अल्लीपूरचे कास्तकार, पन्नाशीचे, अंगाने काटक, बोलायला मोजके. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायको वेणूबाई. आणि या दोघांबद्दल बोलायचं तर दामोदरशेठबद्दल बोलावंच लागतं. शेठजी नाचणगावचे, तिथे त्यांचं किराण्याचं दुकान. पहिल्या आजारपणात शेठजी आणि प्रल्हादभाऊ यांच्या खाटा वॉर्डात शेजारी-शेजारी होत्या. एक बडबड्या, एक मुका, पण दोघांचं असं जमलं की विचारू नका. शेठजींच्या घरून पुरी-भाजी यायची ती प्रल्हादभाऊ खायचे, आणि वेणूबाईंचं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, शेठजी. एकाची सलाईन चालू असली तर दुसरा ताट झाकून बसायचा. मी रागावायची, “अहो, गार होतंय.” प्रल्हादभाऊ म्हणायचे, “होऊ द्या जी.” दोघांचे फोटो साफ आले आणि दोघे घरी गेले. वर्षभरात दोघेही परत आले.

प्रल्हादभाऊंचे सगळे रिपोर्ट ट्रायलमध्ये बसले. शेठजींची किडनी अधू निघाली, त्यांना नवीन औषध देणं धोक्याचं होतं. फुप्फुसाभोवती पाणी भरत होतं ते अधूनमधून काढायचं, दम लागला की आराम द्यायचा, एवढंच त्यांच्यासाठी होतं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला तसं स्पष्ट सांगितलं, दिवाळीही दिसेल असं वाटत नाही म्हणाले. मुलगा दुकान सांभाळत होता, त्याने दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत वडिलांसाठी खोली घेतली. प्रल्हादभाऊंनाही औषधाच्या दिवसांत जवळ राहायला सांगितलं होतं, तेही तिथेच, पलीकडच्या खोलीत. स्टोव्ह एकच, वेणूबाईंचा.

प्रल्हादभाऊंना मी सगळं समजावलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे नवी जोडी जुंपून पाहून राह्यले तुमी. एक बैल जुना, एक गोऱ्हा.”

“तसंच समजा.”

“अन् वावर माहं.”

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी विचारलं, “शेठले बी देता ना हे?”

मी किडनीचं सांगितलं. ते म्हणाले, “मंग माही जागा त्याले द्या.”

“प्रल्हादभाऊ, ही एसटीतली सीट नाही, उठून द्यायला. त्यांच्या अंगाला ते झेपणार नाही.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं. मग त्यांनी सही केली.

पहिल्या दिवशी इंजेक्शन झालं. पुढे रोज सकाळी जेवणाबरोबर दोन कॅप्सूल. मी बजावलं: चावू नका, उन्हात ठेवू नका, चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका. रिकामी पाकिटं परत आणायची. प्रल्हादभाऊंनी ती इतकी व्यवस्थित आणून दिली की मी इतर पेशंटांना त्यांचं उदाहरण देत असे.

आणि काय सांगू, औषध त्यांना छान सोसलं. इतरांच्या पांढऱ्या पेशी धपकन खाली यायच्या, तोंड यायचं, पोट बिघडायचं. यांचं रक्त जसंच्या तसं. मी रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, “काई नाई जी. मजेत.” आमचे डॉक्टर तसे कोरडे, आनंद दाखवला तर कोणी पगारातून कापून घेईल असा चेहरा. तेही रिपोर्ट बघून “वा” म्हणाले. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं. त्या गटातले बाकीचे कसेबसे तगले होते, प्रल्हादभाऊ तर उत्तम. तेव्हा पुढच्या पेशंटला मात्रा वाढवून द्यायची असं ठरत आलं. पुढचे पेशंट होते हिंगणीचे एक मास्तर. शाळेतून रजा काढून ते वॉर्डात दाखल झाले होते आणि सोमवारची वाट बघत होते.

शनिवारी दुपारी मी धर्मशाळेत गेले. प्रल्हादभाऊंचं रक्त पुन्हा एकदा तपासायचं होतं, तेवढाच निरोप. दार उघडंच होतं. वेणूबाई स्टोव्हपाशी भाकरी टाकत होत्या. शेठजी आणि प्रल्हादभाऊ ताटावर बसलेले. प्रल्हादभाऊ भाकरी खात होते. शेठजींच्या ताटात दहीभात होता आणि तो गिळताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“काय झालं शेठजी?”

“तोंड सोललं सिस्टर. पानी बी लागून राह्यलं. वैनी, मिरची टाकली काय तुमी दह्यात?”

“नाई वो भाऊजी,” वेणूबाई म्हणाल्या, “मीठ बी नाई टाकलं.”

मी त्यांना दाराशी उजेडात आणून तोंड उघडायला सांगितलं. ओठाच्या आतून, जिभेच्या कडेने पांढरे चट्टे. अशी तोंडं मी ओळखत होते. त्या वॉर्डात ती एकाच गोष्टीने येत होती, आमच्या कॅप्सूलने. शेठजींच्या कपाळाला हात लावला तर तापलेलं. मी प्रल्हादभाऊंकडे बघितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“प्रल्हादभाऊ, तुम्ही शेठजींना काय दिलं?”

शेठजीच म्हणाले, “तो काय देते मले? जेवन वैनी देते. हां, एक ताकदीची गोळी देते रोज. दवाखान्यातून दोन भेटते म्हने, एक त्याले अन् एक मले.”

“ताकदीची?”

“रोज दोन रायते जी,” प्रल्हादभाऊ खाली बघत म्हणाले. “एक माही, एक त्याची.”

“दोन्ही तुमच्या होत्या! दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलं होतं की नव्हतं?”

“सांगतलं होतं ना.” त्यांनी मान वर केली. अगदी सरळ नजर, लबाडी औषधाला नाही. “पण शेठ काय दुसरा हाये काय? तो समोर बसून पाहीन अन् मी एकटा दोनी खाऊ? असं कसं खाल्लं जाईन सिस्टर?”

वेणूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि तव्यावरची भाकरी जळाली तरी त्यांनी ती काढली नाही. शेठजी एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. “कोनती गोळी? अबे प्रल्हाद, कोनती गोळी होती?”

तासाभरात शेठजी वॉर्डात होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या. अधू किडनीमुळे ते औषध अंगातून बाहेर पडतच नव्हतं, त्यामुळे एकेक कॅप्सूलसुद्धा साचत गेली होती. अशा वेळी साधा ताप माणसाला घेऊन जातो. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी ओरडले. मला, कंपनीला, प्रल्हादभाऊंना, अख्ख्या अल्लीपूरला. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

“म्हणजे त्यांना सोसलं म्हणून आपण जे नाचत होतो, ते अर्ध्या डोसवर,” ते म्हणाले.

“हो सर.”

“आणि सोमवारी मास्तरांना मी वाढवून देणार होतो.”

त्यांनी फोन उचलला. मास्तरांचा डोस वाढला नाही. पहिलाच, कमी डोस त्यांना दिला, आणि तोसुद्धा त्यांना इतका जड गेला की आम्ही त्यांच्या उशापायथ्याशी होतो. वाढवलेला मिळाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करायला नको वाटतं. मास्तर त्यातून निभावले. त्यांना यातलं काही सांगितलं नाही. ते घरी जाताना मला म्हणाले, “तुमची ट्रायल म्हणजे कडक हेडमास्तरच दिसते.”

प्रल्हादभाऊंना मात्र ट्रायलमधून बाहेर काढलं. नियमच तसा. मी डॉक्टरांशी वाद घातला. माणूस अडाणी नाही, एकदा कळलं की पुन्हा करणार नाही, मी स्वतः समोर बसून कॅप्सूल गिळायला लावते. डॉक्टरांनी माझ्यासमोर कंपनीला फोन करून विचारलं. पलीकडून नकार आला, आणि खरं सांगायचं तर त्या नकारात चूक काही नव्हतं. ज्याच्या अंगावरून पुढच्याचा डोस ठरतो, त्याच्याबद्दल शंका असून चालत नाही. हे मला कळत होतं आणि तरी मला कंपनीचा राग आला. जुनं इंजेक्शन तेवढं आम्ही ट्रायलबाहेर देऊ शकत होतो. कॅप्सूल बाजारात नव्हतीच.

हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. प्रल्हादभाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. तीन दिवस ते तिथेच होते, आत जायची त्यांची हिंमत नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं की कॅप्सूल आता मिळणार नाही, इंजेक्शन चालू राहील.

“बरं जी,” ते म्हणाले. “शेठ वाचते ना?”

“ताप उतरतोय.”

“मंग बरं.”

“प्रल्हादभाऊ, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले? तुमचं औषध बंद झालं.”

“ऐकलं ना. तुमी रडू नका.”

मी रडत होते हे मला त्यांच्याकडून कळलं.

शेठजींचा ताप उतरला त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तो हाये काय भायेर?” मी म्हटलं, आहे. “बोलवा.” प्रल्हादभाऊ आले आणि खाटेपासून लांब, पायाशी उभे राहिले. शेठजींचा आवाज अजून बसलेलाच होता.

“तू तुह्या जिवाचं औषध मले देत होता.”

शेठजींनी दम घेतला.

“मले विचारलं काऊन नाई?”

“विचारलं असतं तं घेतलं असतं काय?”

“नाई.”

“मंग?”

शेठजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी भिंतीकडेच बघत हाताने खाट थोपटली, आणि प्रल्हादभाऊ तिथे जाऊन बसले. मी सलाईनची नळी उगाचच तपासत उभी होते. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात शेठजींच्या छातीचा फोटो काढला तो डॉक्टरांनी दोनदा बघितला. सावली कमी झाली होती. पाणी भरणंही थांबलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर मला कायम सांगायचे, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशीही त्यांनी ते सांगितलं, पण नेहमीपेक्षा हळू आवाजात.

प्रल्हादभाऊंना इंजेक्शनने थोडे महिने मिळाले. मग दम वाढत गेला, वर्ध्याला येणं झेपेना. कापसाची वेचणी चालू असताना ते गेले. वेणूबाईंच्या भाच्याने येऊन सांगितलं आणि वर म्हणाला, “मावशी एकच गोस्ट म्हनत रायते जी. पुऱ्या गोळ्या खाल्ल्या असत्या तं माहा मानूस वाचला असता.”

शेठजी ओपीडीत आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. अल्लीपूरला जाऊन आले होते. बडबड्या माणूस, पण त्या दिवशी माझ्या एकेका प्रश्नाला नुसती मान हलवत होता. जेवण जातं? मान. झोप लागते? मान. शेवटी त्यांनीच विचारलं.

“सिस्टर, खरं सांगा. त्यानं पुऱ्या घेतल्या असत्या तं तो आज असता काय?”

“माहीत नाही शेठजी.”

“मले भुलवू नका. सांगा.”

“खरंच माहीत नाही. डॉक्टरांना नाही, कंपनीला नाही, कोणालाच नाही. ते माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?”

त्यांनी ते मनात घोळवलं. “कवा कयन मंग?”

“कळायला काही वर्षं लागतील.”

“मले तेवढी वर्सं कुठं हायेत?” ते म्हणाले. “म्हंजे म्या हे असंच घेऊन मरू.”

ते दिवाळी बघून, त्याच्या पुढची होळी बघून गेले. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला जेवढे दिवस सांगितले होते त्याच्या कितीतरी पलीकडे. त्या मधल्या काळात दर सणाला ते एकटेच एसटीने अल्लीपूरला जायचे आणि वेणूबाईंच्या दारात किराण्याची पिशवी ठेवून यायचे. वेणूबाई पिशवी आत घ्यायच्या, पण बोलायच्या नाहीत.

ट्रायलचा निकाल यायला खरंच वर्षं लागली. पुढच्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणचे, बरेच पेशंट घेतले गेले. निकाल असा की जोडी फसली. एकटं इंजेक्शन घेणारे जेवढे जगले तेवढेच इंजेक्शन आणि कॅप्सूल दोन्ही घेणारे. त्रास मात्र जोडीने जास्त. डॉक्टरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “संपलं हे.” एवढी सगळी माणसं, एवढ्या सुया, एवढे प्रश्न. सुरुवातीच्या बहुतेक ट्रायलचं असंच होतं, आणि तेही कोणीतरी करून बघितल्याशिवाय कळत नाही. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला दुसरंच काहीतरी वाटलं. शेठजींना आता सांगता येणार नव्हतं. वेणूबाईंना येत होतं.

एका रविवारी मी अल्लीपूरला गेले. वेणूबाई बाजेवर बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. थकल्या होत्या, पण मला त्यांनी चटकन ओळखलं. “या बाई,” म्हणून सुनेला चहा टाकायला सांगितला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी ज्यासाठी आले होते ते सांगितलं. त्या औषधाचा हिशेब आता लागला आहे. इंजेक्शनबरोबर ती कॅप्सूल घेतली काय नि नाही घेतली काय, फरक पडत नाही असं निघालंय. प्रल्हादभाऊंना इंजेक्शन मिळतच होतं. सगळ्या कॅप्सूल घेतल्या असत्या तरी त्यांना तेवढेच दिवस मिळाले असते. तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका.

मला वाटलं होतं त्या सुस्कारा सोडतील. त्यांचे हात भाजीवरच थांबले.

“म्हंजे त्या गोळीत काई नव्हतंच?”

“तसंच निघालं, वेणूबाई.”

“असं नका म्हनू जी.” त्यांनी भाजी बाजूला सारली. “म्या त्याच्याशी लय भांडली. जिता होता तवा भांडली, मेल्यावर बी भांडून राह्यली. माह्या पोराईच्या तोंडचं काढून परक्याले देल्लं म्हनली. तो एकच म्हने, वेणू, म्या शेठले उपाशी नाई ठेवलं. तेवढ्यावर तो सुखानं गेला. अन् आता तुमी म्हनता त्याच्यात काई नव्हतंच.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मंग माह्या मानसानं देल्लं काय?”

त्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणून मी गेले होते, आणि त्यांच्यापाशी जी एक गोष्ट उरली होती तीच काढून घ्यायला निघाले होते. सून चहा घेऊन आली, तो तसाच राहिला. मी त्या कागदावरचा निकाल पुन्हा मनात आठवून बघितला. इंजेक्शन मिळत असलेल्यांना कॅप्सूलने काही जास्त मिळालं नाही, असं त्यात होतं. ज्याला काहीच मिळत नव्हतं, अशा माणसाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कागद वाचताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“वेणूबाई, मी अर्धंच सांगितलं,” मी म्हणाले. “प्रल्हादभाऊंना इंजेक्शन होतं. त्यांना त्या गोळीची गरज नव्हती. शेठजींना आम्ही काहीच देत नव्हतो. त्यांच्या पोटात गेलं ते एवढंच. त्या गोळीने त्यांना आधी मरणाच्या दारात नेलं, हे खरं. पण मग त्यांची सावली कमी झाली, पाणी थांबलं. मी फोटो डोळ्यांनी बघितलाय. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही असं डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरांनी शेठजींना दिवाळीसुद्धा दिली नव्हती, आणि ते होळी बघून गेले.”

वेणूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे देल्लं त्यानं?”

“दिलं,” मी म्हणाले.